संकासुरानं नेलान

लहान मुलं खोटं बोलत नाहीत, असं कोणी म्हणालं की मी हल्ली गप्प बसते. पूर्वी भांडत असे. गंमत अशी की ते मलाही मान्यच आहे. माझी मुलगी खोटं बोलली नव्हती. सहा वर्षांची होती ती. सगळ्या वाडीसमोर उभी राहिली, आपल्याला जे दिसलं ते तिनं सांगितलं, आणि त्या सांगण्यापायी तिच्या बापाच्या जिवावर बेतलं. आपण बापाबद्दल बोलतोय हे तिच्या गावीही नव्हतं.

आमची वाडी रत्नागिरीहून पूर्णगडाकडे जाताना लागते. वर कातळ, खाली पऱ्या म्हणजे ओढा, पलीकडे खाडी. शिमग्याला ग्रामदेवीची पालखी घरोघर येते आणि पालखीच्या पुढे संकासूर नाचतो. काळा झगा, डोक्यापासून छातीपर्यंत तोंड झाकणारी उंच काळी टोपी, तिला डोळ्यांपुरती भोकं, पांढरी दाढी, हातात दोरखंडाचा आसूड आणि कमरेला घाट्या, गुरांच्या गळ्यात असतात तशा. त्या घाट्यांचा आवाज आधी येतो आणि संकासूर मागून. पालखी अजून लांब असली तरी वाडीतली पोरं पटापट आयांच्या पाठीमागे लपतात.

संकासूर बांधायचा, म्हणजे ते सोंग घ्यायचा, मान आमच्या घराकडे. सासऱ्यांनंतर तो माझ्या नवऱ्याकडे आला. एरवी हा माणूस रत्नागिरीत लोकांचे पाण्याचे पंप दुरुस्त करतो आणि झुरळाला घाबरतो. झगा आणि टोपी मी शिवलेली. मी शिवणकाम करते, त्यामुळे त्या संकासुराचा टाका न् टाका मला माहीत. पण आमच्याकडे दोन गोष्टी कडक. देवीसमोर एकदा टोपी चढवली की दिवस मावळून पालखी सहाणेवर, तिच्या चौथऱ्यावर, बसेपर्यंत उतरवायची नाही. आणि आत कोण आहे हे लहान पोरांना सांगायचं नाही. माझ्या मुलीला आपले पप्पा शिमग्याला कामावर असतात एवढंच ठाऊक होतं. संध्याकाळी ते घरी आले की ती त्यांना सांगायची, "पप्पा, आज संकासूर आलेला, तुम्ही नव्हतात." हे गंभीर चेहरा करून ऐकायचे आणि विचारायचे, "मोठा होता का गो?"

बाकीच्या वर्षभर संकासूर आम्हा बायकांच्या कामाला यायचा. जेवत नाहीस? संकासूर नेईल. पऱ्यावर एकटी जातेस? पोत्यात घालून नेईल. मीही म्हणायची, शेजारीणही म्हणायची, आमच्या आयाही म्हणायच्या. त्या पोत्याचा शोध कोणी लावला देव जाणे. माझ्या नवऱ्याच्या हातात पोतं मी कधी पाहिलं नाही.

त्या वर्षी पालखी सकाळीच आमच्या शेजाऱ्यांच्या खळ्यात, अंगणात, आली. आमच्या आणि त्यांच्या खळ्यामध्ये फक्त एक गडगा, जांभ्या दगडाचा. गेल्या पावसात तो ढासळला तेव्हा परत बांधताना आत की बाहेर यावरून दोन्ही घरांत चांगली बाचाबाची झालेली. मिटली होती म्हणायचं. शेजारीण आणि मी तर कधी भांडलोच नाही. तिचा धाकटा तीन वर्षांचा होता आणि सदा आमच्या घरी पडलेला. माझी मुलगी त्याची ताई.

संकासुरानं अंगावर घेतलं की पोराची भीती जाते, असं आमच्याकडे समजतात. शेजारणीनं हौसेनं मुलाला पुढे केला. ह्यांनी त्याला उचलून खांद्यावर घेतला, एक गिरकी मारली आणि परत आईच्या कडेवर दिला. पोर रडून निळं झालं. सगळे हसले, चारपाच जणांनी मोबाइलवर फोटो काढले. माझी मुलगी माझ्या पदराआडून एक डोळा काढून बघत होती. तिची बोटं माझ्या कमरेत रुतली होती ते मला अजून आठवतं. मीही हसत होते.

दुपारी जेवणं झाली, पालखी देवळाशी टेकली, माणसं सावलीला पांगली. मी ओटी भरायला देवळात जाऊन आले. परत येते तर शेजारीण खळ्यात उभी राहून मुलाला हाका मारत होती. पहिल्या हाका सवयीच्या होत्या. मग आवाज चढला. मग ती आमच्या घरात शिरली, पलंगाखाली वाकली, उठली आणि माझ्याकडे बघितलं.

आमच्याकडे पोर हरवलं की आधी विहीर बघतात. पुरुष धावले. कुणीतरी गळ आणला आणि विहिरीत सोडला. दोरी हलली की काठावरच्या बाया "आई गो" करायच्या, आणि वर काय यायचं, तर पाला. शेजारीण विहिरीकडे पाठ करून बसली होती. मी तिचा हात धरला होता. तो हात उन्हातही गार होता.

विहिरीत नाही म्हटल्यावर लोकांना माझी मुलगी आठवली. दोघं एकत्र खेळत होती ना? तिला बोलावलं. पहिल्यांदा माझ्या आजेसासूच्या वयाच्या एका म्हातारीनं प्रेमानं विचारलं, "बाय, बाळा कुटं गेला गो?"

"मला नाय माहीत," मुलगी म्हणाली.

खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. पण हरवलेल्या मुलाची माणसं "माहीत नाही" हे उत्तर घेत नाहीत, आणि मीही घेतलं नसतं. पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "तो पळाला." कुठे? तिनं खांदे उडवले. मग मुलाचा काका पुढे आला. मुंबईला असतो, शिमग्याला आलेला. तापट, पण पुतण्यावर जीव. तो तिच्यासमोर उकिडवा बसला, तिचे दोन्ही दंड धरले आणि म्हणाला, "घाबरू नको. कोन तरी नेलान ना त्याला? कोनी नेलान? तू बगितलंस ना?"

मुलगी गोल उभ्या राहिलेल्या सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होती. वर्गात बाई उत्तराची वाट बघतात तेव्हा मुलं बघतात तशी. तिला वर्गात उत्तर आलं नाही असं कधी झालं नव्हतं.

"संकासुरानं नेलान," ती म्हणाली.

"कसा नेलान?"

"खांद्यावर टाकलान."

"कुटच्या वाटेनं?"

"खालच्या."

"रडत व्हता?"

"हो."

"पोत्यात घातलान काय?" हे मागून कुणीतरी विचारलं.

ती जराशी थांबली आणि म्हणाली, "हो. पोत्यात."

मग एकेक करून सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मुलीकडे कोणी बघत नव्हतं. संकासूर कोण ते तिथे तिच्याशिवाय सगळ्यांना माहीत होतं. मी तोंड उघडलं, पण काय बोलणार? "अगो, ते तुझे पप्पा आहेत," असं त्या पोरीला त्या क्षणी सांगू?

"खालची वाट पऱ्यावर जाते," काका उठत म्हणाला. "आनि पुढं खाडी."

"गडग्याचा राग असा काढायचा?" दुसरा कोणी म्हणाला. कालपरवाच याच माणसाच्या पंपाचं काम माझ्या नवऱ्यानं फुकट केलेलं.

आणि तेवढ्यात खालच्या वाटेवरून घाट्यांचा आवाज आला. तो आवाज माझ्या चांगल्या ओळखीचा, झगा दोरीवर वाळत घालताना मीच त्या घाट्या काढून ठेवायची. त्या दिवशी मात्र तो जवळ येऊ नये असं मला वाटत होतं. हे धावत येत होते. पोर हरवलं हे त्यांना वाटेत कुणाकडून कळलं होतं. टोपी डोक्यावर तशीच. ते खळ्यात शिरले आणि थेट शोधायला लागले, पेंढ्याच्या उडवीमागे, न्हाणीत, पडवीत. पाऊल पडेल तिथे घाट्या खणखणत होत्या. लोक त्यांच्याकडे बघत उभे होते.

काकानं त्यांना अडवलं. "जेवनानंतर कुटं व्हतास तू?"

टोपीच्या आतून आवाज आला, "देवळात."

मी देवळातूनच आले होते. हे तिथे नव्हते.

त्या वेळी मला जी भीती वाटली ती मुलाच्या हरवण्याची नव्हती. ती वेगळीच होती आणि तिची मला आजही लाज नाही वाटत, कारण तिच्यावर माझा काही ताबा नव्हता. मी त्या काळ्या टोपीकडे, मीच शिवलेल्या त्या दोन भोकांकडे बघत होते आणि माझ्या मनात आलं, ह्या माणसाला मी किती ओळखते? खोटं का बोलले? इतक्या वर्षांत माझ्याशी एकदाही खोटं बोलल्याचं मला आठवत नव्हतं, म्हणजे सापडले नव्हते. मी मुकाट राहिले. मी बोलले असते तर तिथेच त्यांच्यावर काठ्या पडल्या असत्या. दोघांनी तर हातात घेतल्याही होत्या.

गावकर, म्हणजे गावचे मुख्य मानकरी, म्हणाले पोलिसांना फोन लावा. दुसरे म्हणाले, पोलीस येईपर्यंत पोराचं काय, आधी ह्याच्याकडून काढून घेऊ. दोघातिघांनी मोबाइल वर धरले. आणि मग त्या काकाला काय सुचलं, त्यानं माझ्या मुलीला उचलून पुढे आणली आणि संकासुरासमोर उभी केली.

"बाय, नीट बग. ह्योच ना?"

आता सांगा, गावात संकासूर एक. पोरीनं संकासुरानं नेलं म्हटलेलं. समोर संकासूर उभा. ती दुसरं काय म्हणणार? मला आज हसू येतं, त्या दिवशी ते कुणालाच दिसलं नाही, मलासुद्धा. तिनं हात वर केला, बोट दाखवलं आणि म्हणाली, "ह्योच." आणि डोळे गच्च मिटून घेतले.

आपल्यावर संशय आहे हे ह्यांना आतापर्यंत कळलंच नव्हतं. आपली मुलगी आपल्याकडे बोट का दाखवते आहे हे त्यांना त्या काठ्यांकडे बघून कळलं असावं. टोपी जरा कलली. मग त्यांनी आसूड खाली टाकला. कमरेचा पट्टा सोडला, घाट्या मातीत पडल्या. हात टोपीकडे गेला तसे गावकर ओरडले, "अरे काय करतंस! देवीचा कोप व्हईल!" ह्यांनी ऐकलं नाही. टोपी काढली. तोंड घामानं भिजलेलं, ओठ पांढरे. ते गुडघ्यावर बसले.

"बाय, डोळे उघड. बघ. मी हाय गो. पप्पा."

तिनं डोळे उघडले. मला वाटलं ती आता धावत जाऊन त्यांच्या गळ्यात पडेल. ती ओरडलीही नाही. एक पाऊल मागे गेली, मग आणखी एक. चेहऱ्यावरून नजर न काढता मागे मागे सरकत गेली आणि गडग्याला पाठ टेकली तेव्हा थांबली. ह्यांनी पुढे केलेला हात तसाच राहिला.

घाट्या वाजत नव्हत्या. आणि त्या शांततेत शेजाऱ्यांच्या आंब्याच्या खोलीतून एक हुंदका आला. बारीक, दाबून धरलेला. मग दुसरा.

शेजारीण अशी धावली की वाटेतला काका धडपडला. त्या खोलीला बाहेरून कडी होती. बाहेरून कडी म्हणून तिथे कोणी बघितलंच नव्हतं. तिनं कडी काढली. आत आंब्यांची अढी घातलेली, पेंढ्याचा जाड थर, वर गोणपाटं. त्या पेंढ्यात पोर बसलं होतं. केसांत काड्या, गालाला कैरीचा चीक, अंगाला खरचटलेलंसुद्धा नाही. कडी शेजारणीनंच घातली होती. दार उघडं दिसलं की वांदर आत शिरतील म्हणून ती जाता येता कडी सरकवते, तशी जेवणानंतर सरकवली होती. हे तिला तिथेच आठवलं आणि ती स्वतःच्या तोंडात मारून घ्यायला लागली.

पुढे आम्ही ते सगळं जुळवलं. बाकीच्यांची जेवणं झाल्यावर हे शेजाऱ्यांच्या खळ्यातून खालच्या वाटेला लागले होते. घाट्या ऐकून पोराला सकाळची गिरकी आठवली, ते खोलीत पळालं आणि पेंढ्यात शिरलं. तिथेच झोप लागली. जागं झालं तेव्हा काळोख, आणि बाहेर परत घाट्या. संकासूर आपल्याला शोधतोय, हे त्यानं बरोबर ओळखलं होतं. म्हणून तोंडावर हात धरून बसलं. घाट्या थांबल्या तेव्हा त्याला रडायचा धीर झाला. अर्थात हेही एका तीन वर्षांच्या पोराचंच सांगणं, आणि विचारताना आम्ही किती मदत केली असेल ते आता कोण सांगणार.

आणि हे देवळात नव्हते ते पऱ्याच्या कोंडीपाशी, डोहाच्या काठी, होते. टोपीत जीव गुदमरला, डोळ्यांपुढे अंधारी आली, म्हणून लपून टोपी काढून सावलीला पडले होते. टोपी काढली हे गावकरांना कळलं तर मान जाईल, देवी रागावेल, म्हणून खोटं बोलले. मला हे त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. मी त्यांना पुष्कळ बोलले. देवीच्या भीतीनं माझ्या कुंकवावर बेतलं होतं, असंही बोलले. मग मला रडू आलं.

म्हणजे माझ्या मुलीनं सांगितलेलं सगळं तिनं पाहिलेलं होतं. संकासुरानं पोराला खांद्यावर घेतलेलं, सकाळी. संकासूर खालच्या वाटेनं गेलेला, दुपारी. पोर रडत होतं. पोतं तेवढं आम्ही बायकांनी दिलेलं. तुकडे खरे होते, ते एकत्र शिवून आम्ही मागितलेला झगा तिनं आम्हाला दिला. मुलगा सापडला तसे लोक हसायला लागले. काकानं ह्यांचे पाय धरले, देवीपुढे नारळ फोडला, आणि संध्याकाळी आमच्याकडे त्यांच्या घरून पुरणपोळ्या आल्या. ह्यांनी पुन्हा टोपी घातली नाही. मान चुलतदिराकडे गेला.

मुलीला आम्ही समजावलं. संकासूर म्हणजे पप्पाच, गंमत असते, बाळा खोलीत झोपला होता. ती सगळ्याला मान हलवायची. पण काही दिवस ती बापाच्या हातून पाणीसुद्धा घेईना. हे मागून आले की दचकायची, एकदा हातातली ताटली पडली. मग हळूहळू सुटलं. शाळेत त्यांच्याच मोटारसायकलवर जायला लागली, त्यांच्याशी भांडायला लागली, त्यांच्याकडून लाड करून घ्यायला लागली. मी सुटकेचा निःश्वास टाकला. फक्त एक गोष्ट राहिली. ती खोलीत असली की हे आत यायच्या आधी दाराशी खाकरतात. घसा बरा असला तरी.

आता ती रत्नागिरीला कॉलेजात आहे, हॉस्टेलवर राहते. या शिमग्याला आली होती. शेजारचा तो पोरगा आता उंच झालाय, मिसरूड फुटलेलं. खळ्यात पोरांना रंगवून सांगत होता, संकासुरानं आपल्याला कसा पोत्यात घातला, पऱ्यापर्यंत कसा नेला. सगळे हसत होते, मीही हसले. आमच्या डोळ्यांदेखत पेंढ्यातून निघालेला हा पोरगा! मुलगी मात्र ओटीवर माझ्याशेजारी गप्प बसली होती.

"हस की गो," मी म्हटलं, "हे तुझंच भांडवल वापरतोय तो."

ती हसली नाही. हलक्या आवाजात म्हणाली, "आई, तसं झालं नाही, मला पक्कं माहीत आहे. काकी कडी घालायची, तो पेंढ्यात होता, सगळं माहीत आहे. पण मला दिसतं. तो ओरडतोय, खांद्यावर पाय झाडतोय, आणि ते खालच्या वाटेनं उतरतायत. लख्ख दिसतं."

"कोण, संकासूर?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"आधी संकासूर दिसायचा," ती म्हणाली. "त्या दिवशी त्यांनी टोपी काढली ना. तेव्हापासून पप्पा दिसतात."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ती उठून जाईल की काय अशी भीती वाटली. तेवढ्यात आतून, माजघराच्या दाराशी, कोणी तरी खाकरलं. तिनं पदर सावरावा तसा चेहरा सावरला, सरकून जागा केली आणि म्हणाली, "या ना पप्पा, बसा."

हे काही वेळ दारातच उभे राहिले. मग म्हणाले, "बसा तुम्ही. मी जरा पंप बघून येतो."